‘सूर्य नक्की किती जवळ येतो?’ विचारणारे काका परत आलेच नाहीत

पत्र मोठं होतं. लिहिणाऱ्याची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा गोषवारा देते आहे.

‘मी कोल्हापूरचा, वय 36. फिजिक्समध्ये एम. एस्सी. केलं, नोकरी मात्र एका कारखान्यात क्वालिटी विभागात. चार वर्षं झाली, दर रविवारी संध्याकाळी आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर दोन तास बसतो. भौतिकशास्त्र, आकाश, गणित, यातलं काहीही कुणीही विचारावं. पैसे घेत नाही. सुरुवातीला हुरूप होता. आता तेच ते प्रश्न ऐकून वैताग येतो. चंद्राच्या कला, वजा गुणिले वजा, जड वस्तू आधी का पडत नाही. दहावीची पोरं तर गृहपाठाची वहीच पुढं सरकवतात. मध्यंतरी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत काम करणारे पन्नाशीचे काका येऊ लागले. मागं भिंतीला टेकून बसायचे, बोलायचे नाहीत. महिन्याभरानं पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “सर, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतोय म्हंजे नक्की किती जवळ येतोय?” माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, हे शाळेच्या पुस्तकात आहे की!” पोरं हसली. ते पण हसले. त्यानंतर ते आले नाहीत. त्याच सुमारास एका मुलीनं विचारलं की चंद्राची एकच बाजू का दिसते. घाईत मी सांगितलं, चंद्र स्वतःभोवती फिरत नाही म्हणून. घरी आल्यावर चूक लक्षात आली, पण दुरुस्त करायचं राहिलं. आता वाटतं, बंद करावं. निदान पाया पक्का असलेल्यांनाच येऊ द्यावं. मित्र म्हणतो, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं छापून वाट आणि मोकळा हो. काय करू?’

नमस्कार.

‘ते पण हसले’ हे तुमचे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ते तुम्हाला सलत नसते तर पत्रात आलेच नसते. बंद करावं की नको, याकडे मी नंतर येते. आधी काकांचा प्रश्न घेऊ. तुम्हाला वाटला त्यापेक्षा तो फार चांगला प्रश्न होता.

‘उन्हाळा का होतो?’ असं त्यांनी विचारलंच नाही. त्याचं उत्तर त्यांच्याजवळ आधीच होतं: सूर्य जवळ येतो. त्यांना फक्त आकडा हवा होता. आणि हे उत्तर त्यांच्याजवळ आलं कुठून? हा माणूस उभी हयात भट्टीपुढं काम करतोय. दोन पावलं पुढं गेलं की झळ लागते, दोन पावलं मागं आलं की जरा बरं वाटतं. जवळ म्हणजे गरम, हे त्यांनी कुठं वाचलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे. ते खरंही आहे. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तर ताप चौथ्या हिश्श्यावर येतो, असं तुमचं शास्त्रही म्हणतं. म्हणजे काकांचा नियम बरोबर होता, फक्त तो इथं लागू पडत नव्हता. का पडत नव्हता, हे त्यांना सांगणारा त्या खोलीत एकच माणूस होता.

नवशिक्याला काही माहीत नसतं आणि आपण त्याच्या कोऱ्या पाटीवर उत्तर लिहून द्यायचं, असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक जण असंच धरून चालतात. पाटी कोरी कधीच नसते. माणूस प्रश्न घेऊन येतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचं एक उत्तर असतं, आणि ते त्याच्या कामातून, घरातून, शेतातून आलेलं असतं. ते ऐकून न घेता आपलं उत्तर दिलं तर तो मान डोलावतो, घरी जातो आणि जुनंच उत्तर वापरत राहतो. पुढच्या रविवारी तोच प्रश्न दुसऱ्या तोंडून येतो. तुम्हाला तेच ते प्रश्न ऐकू येतात, त्याचं एक कारण हे असू शकतं.

काकांनी आकडा मागितला होता, तर तो द्यायला हवा होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, सुमारे 15 कोटी 21 लाख. फरक 50 लाख किलोमीटरचा. ऐकायला प्रचंड वाटतो, पण भट्टीच्या हिशेबात मांडून बघा: तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसानं दहा सेंटिमीटर पुढं सरकावं, एवढाच. आणि जवळ असतो तो जानेवारीत, पंचगंगेच्या घाटावर पहाटे धुकं असतं तेव्हा! मेच्या सुरुवातीला सूर्य जानेवारीपेक्षा साधारण 35 लाख किलोमीटर लांब गेलेला असतो. काकांना हे त्याच वेळी कळलं असतं तर ते पुढच्या रविवारी नक्की आले असते. मग उन्हाळा होतो कशानं, या प्रश्नानं त्यांना आठवडाभर गप्प बसू दिलं नसतं.

तो प्रश्नही सरळ नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तुमच्या दहावीच्या पोरांना पाठ असेल. त्यांना विचारा, कललेला आहे म्हणून कोल्हापुरात नेमकं काय होतं? डिसेंबरच्या 21 तारखेला इथं भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 50 अंशच वर चढतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो. ऊन तिरकं पडलं की पसरतं. डोक्यावरून आलं तर दहा चौरस फुटांवर पडेल एवढं ऊन डिसेंबरच्या दुपारी तेरा चौरस फुटांना वाटून घ्यावं लागतं. त्यात डिसेंबरचा दिवस 11 तासांचा आणि मेचा पावणेतेरा तासांचा. माडीवरचा दिवा घालवा, एक बॅटरी आणि चौकटीचा कागद घ्या. सरळ धरलेल्या उजेडानं किती चौकटी झाकल्या आणि बॅटरी कलती केल्यावर किती झाकल्या, हे पोरांनाच मोजू द्या.

एवढं झालं की मागं बसलेला कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य परत आपल्या डोक्यावर येतो, मग तेव्हा उन्हाळा का नाही? तेव्हा तर पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली असतो आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात याकडे सगळ्यांचं लक्ष लागलेलं असतं. ऊन डोक्यावरचंच असतं, पण ते ढगांच्या वरच अडतं. म्हणजे आपला उन्हाळा निम्मा आकाशातल्या भूमितीनं ठरतो आणि निम्मा मोसमी वाऱ्यानं. दिवस सर्वांत मोठा जूनमध्ये, तरी आपण सर्वांत जास्त तापतो एप्रिल-मेमध्ये, त्याचंही कारण हेच. हे सगळं काकांच्या एका प्रश्नाच्या पोटात होतं. तो पुस्तकात आहे, हे तुमचं म्हणणं खरं, पण त्याचं कोल्हापूरचं उत्तर कुठल्याही पुस्तकात तयार मिळणार नाही.

मी सातवीत होते तेव्हा वजा गुणिले वजा अधिक का, असं विचारलं होतं. ‘नियम आहे, पाठ कर आणि बस खाली’ असं उत्तर मिळालं. कुणी हसलंही नाही. तरी त्यानंतर पुढची कित्येक वर्षं गणिताच्या तासाला माझा हात वर गेला नाही. मार्क मिळत राहिले, हात मात्र खालीच. उत्तर सापडलं ते वडिलांच्या किराणा दुकानात. उधारीची वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका विधवा बाईंच्या नावावर पाच-पाच रुपयांच्या तीन नोंदी होत्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी वडिलांनी त्या तिन्ही खोडल्या आणि म्हणाले, ‘पंधरा रुपये दिल्यासारखंच आहे.’ उधारी म्हणजे वजा पाच. ती तीनदा काढून टाकली म्हणजे वजा तीन वेळा. आणि त्या बाईंच्या पदरात पंधरा रुपये पडले. मी त्या वहीकडे बघतच राहिले. नंतर कॉलेजात पाढ्याची पद्धत कळली: तीन गुणिले वजा पाच म्हणजे वजा पंधरा, दोन गुणिले वजा पाच म्हणजे वजा दहा, मग वजा पाच, मग शून्य. दर पायरीला पाच वाढतात. शून्याच्या खाली पाऊल टाकताना हा क्रम मोडायचा नसेल, तर पुढची पायरी अधिक पाचच येणार. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण माझ्या मनात घर केलं ते वहीनं.

सोपा प्रश्न आणि पायाचा प्रश्न यांत फरक आहे. पाया जमिनीत असतो, तो खणूनच बघावा लागतो. आता पंचवीस हा आकडा घ्या. मूल ऐकतं ‘पंच’ आधी आणि ‘वीस’ नंतर, पण लिहायचे असतात 2 आधी आणि 5 नंतर. एकोणतीस म्हणताना तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे 29. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस एक’सारख्या वाचनाचा पर्याय आला, तेव्हा मराठी बिघडली म्हणून किती ओरड झाली! मला ती ओरड तेव्हाही पटली नव्हती. गणितात अडलेलं मूल कधी कधी गणितात अडलेलंच नसतं, भाषेच्या वळणावर थांबलेलं असतं. ते कळायला त्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

आता तुमचे पर्याय. छापील उत्तरांचा मोह मला समजतो, आणि कॅलेंडर किंवा ग्रहणाच्या वेळा अशा माहितीच्या गोष्टींना ती बरीही पडतील. पण समजुतीच्या प्रश्नाला छापील कागद पुरत नाही, कारण समोरच्याच्या मनात काय आहे हे कागदाला ठाऊक नसतं. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं मानणारे शंभर लोक तुम्हाला भेटतील. त्यांना ‘नाही, तसं नाही’ असं छापून देऊ नका. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी रंकाळ्यावर घेऊन जा. सूर्य पश्चिमेला मावळत असतो आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. मग एवढंच विचारा: सूर्य तिकडं आहे, तर पृथ्वीची सावली कुठल्या दिशेला पडायला हवी? लोक आपोआप मागं वळून पूर्वेकडं बघतात. चंद्र तिथं नसतो. त्यापुढं फार बोलावं लागत नाही.

पाया पक्का असलेल्यांनाच प्रवेश, हा पर्याय मला मुळीच पसंत नाही. पाया पक्का असलेल्यांसाठी शिकवण्या आहेत, कॉलेजं आहेत, व्हिडिओ आहेत. पन्नाशीच्या फौंड्री कामगारानं मोकळेपणानं विचारावं अशी जागा तुमच्या शहरात कितीशी असेल? ती माडी अशी जागा होती. महिनाभर गप्प बसून त्या माणसानं खात्री करून घेतली आणि मगच तोंड उघडलं, यावरून काय ते समजा.

थकवा मात्र खरा आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. दोन तासांचा दीड तास करा. महिन्यातला एक रविवार सुट्टी घ्या. तुमच्याकडे चार वर्षं येणाऱ्यांपैकी अकरावी-बारावीची दोन मुलं हाताशी धरा आणि नेहमीचे प्रश्न आधी त्यांच्याकडे जाऊ द्या. शिकवायला लागल्यावर त्यांचंही पक्कं होईल. गृहपाठवाल्यांना एकच नियम पुरे: ‘कुठल्या ओळीपर्यंत जमलं ते दाखव, तिथून पुढं बोलू.’ कोरी वही असेल तर बाकावर बसून निदान एक ओळ लिहून आणायची.

आणि एक जाडजूड वही ठेवा. येणाऱ्यानं त्यात आपला प्रश्न आपल्याच शब्दांत लिहायचा आणि त्याखाली ‘मला असं वाटतं’ म्हणून स्वतःचा अंदाज लिहायचा. लिहिता येत नसेल तर दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. तुम्ही उत्तराआधी तो अंदाज वाचायचा. प्रश्न वर्षभर तेच आले तरी अंदाज तेच येणार नाहीत, आणि तुमचा कंटाळा तिथंच कमी होईल, असं मला वाटतं. जयंत नारळीकर 1938 साली तुमच्याच कोल्हापुरात जन्मले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलांच्या पोस्टकार्डांना वेळ देत होता, ही गोष्ट मला नेहमी धीर देते. त्यांचं बालपण बनारसला गेलं. तिथं घरातल्या फळ्यावर त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, गणिताचं कोडं लिहून ठेवत. भाच्यानं सोडवेपर्यंत किंवा हरलो म्हणेपर्यंत ते पुसलं जात नसे. तुमच्या माडीवरही एक फळा असेलच. त्याचा एक कोपरा असा राखून ठेवा.

पहिलं कोडं मी सुचवते, कारण ते कोल्हापूरकरांना घरचं आहे. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत पोचतात तो सोहळा, 9, 10, 11 नोव्हेंबरला होतो आणि परत 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? भिंतीवरचं कॅलेंडर काढून द्या. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबरपर्यंत दिवस मोजा: 41. तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत: 42. सूर्य दक्षिणेकडे जाताना जिथं मावळला, परतताना जवळजवळ तिथंच मावळतो, पश्चिमेच्या साधारण 17-18 अंश दक्षिणेला. देवीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे त्या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. हे तुम्ही सांगू नका. बोटांनी दिवस मोजताना कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि तो जो कुणी असेल तो घरी जाऊन आईला सांगेल.

मेच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर एक सरळ बाटली उभी करून सगळ्यांना बोलवा. तिची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. ते बारा वाजता होत नाही, घड्याळात साडेबाराच्या सुमारास होतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि कोल्हापूर चौऱ्याहत्तरवर. दर अंशाला चार मिनिटं. बघा, भूगोलाच्या पुस्तकातली रेखांशाची ओळ कशी गच्चीवर उतरते.

चंद्राबद्दल विचारणाऱ्या मुलीचं काम लगेच या रविवारी करा, आणि सगळ्यांसमोर करा. ‘मागं मी चुकीचं सांगितलं होतं’, एवढ्या शब्दांत. मग मध्ये एक खुर्ची ठेवून त्या मुलीला खुर्चीकडे तोंड करून तिच्याभोवती एक फेरी मारायला सांगा. खुर्चीला सतत तिचं तोंडच दिसेल. फेरी संपल्यावर तिला विचारा, खोलीच्या किती भिंती समोर आल्या? चारही. म्हणजे ती स्वतःभोवतीही एकदा फिरली. चंद्र तेच करतो, दोन्ही फेऱ्या सव्वासत्तावीस दिवसांत. तुमची चूक लपली असती तर कुणाला कळली नसती, हे खरं. पण सरांनाही चुकता येतं, हे त्या पोरांना कळणं फार गरजेचं आहे. कालपर्यंत ती काकांना हसत होती.

आता काका. निरोप पाठवू नका, फोनही नको. सुट्टीच्या दिवशी घरी जा. माफी मागायची असेल तर एका वाक्यात मागा, लांबवू नका. ती माणसं लांबलेल्या माफीनं अवघडतात आणि ‘असूंदे हो सर’ म्हणून चहाकडं वळतात. चहा घ्या. मग त्यांचा प्रश्न काढा आणि आकडा सांगा: मेमध्ये सूर्य जानेवारीपेक्षा 35 लाख किलोमीटर लांब असतो. ते चक्रावतील. थांबा, घाई करू नका. त्यानंतर त्यांना विचारा, भट्टीपासून एकाच अंतरावर उभं राहून तळहात भट्टीकडे सरळ धरला आणि मग तोच आडवा, कडेवर धरला, तर कधी जास्त भाजतं? याचं उत्तर त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना बोलू द्या.